सक्तीची रजा

करीम इनामदारांनी तिसऱ्यांदा पासवर्ड टाकला. पडद्यावर पुन्हा तीच लाल ओळ आली. शेजारच्या खुर्चीत खडकी शाखेतून आलेली ऋचा नावाची अधिकारी पर्स मांडीवर घेऊन अवघडून बसली होती. शाखेच्या मॅनेजर नीरजाबाई टेबलापाशी येऊन हलक्या आवाजात म्हणाल्या,

"नका प्रयत्न करू, इनामदार. लॉगिन बंद केलंय. दहा दिवस तुम्ही सक्तीच्या रजेवर. मलाही आज सकाळीच कळलं."

"माझ्यावर संशय आहे का?"

"संशय असता तर चौकशी लागली असती. ही रजा आहे. लोक मागून घेतात."

मार्केट यार्डातल्या या शाखेत करीम अकरा वर्षं कॅशियर होते आणि एका आजारपणाखेरीज त्यांनी सलग तीन दिवसही रजा घेतली नव्हती. बँकेचा नवा नियम त्यांनी वाचला होता. जो माणूस जागेवरून हलत नाही, त्याचं काम वर्षातून एकदा तरी दुसऱ्याच्या हातून जायला हवं, आणि तेही आगाऊ न कळवता. नियम योग्यच होता. तो आपल्यासाठीही असेल, हे मात्र त्यांच्या मनात आलं नव्हतं. ड्रॉवरच्या चाव्या ऋचाला देण्याआधी त्यांनी त्या रुमालानं पुसल्या.

पहिले दोन दिवस ते कोंढव्याच्या घरी सकाळी नऊलाच कपडे करून गॅलरीत बसले.

"अहो, निदान टेकून तरी बसा," जुबेदा म्हणाली. "इस्त्री मोडली तरी इथं कोण बघतंय?"

तिसऱ्या दिवशी त्यांना दुपारी गाढ झोप लागली आणि उठल्यावर स्वतःचीच मौज वाटली. चौथ्या दिवशी दोघं वाघोलीला लेकीच्या, अलिझाच्या नव्या फ्लॅटवर गेली. पडद्यांचे रॉड बसवायचे होते. करीम स्टुलावर चढले होते, तेवढ्यात फोन वाजला. कांदा-बटाट्याचे आडते रंगराव बोलत होते.

"करीमभाई, पैसे काढायचेत आणि तुमच्या जागेवरच्या त्या बाई म्हणतात, स्वतः या नाहीतर चेक पाठवा. आमच्या स्लिपा तुमच्याकडे आहेत, हे काही मी बोललो नाही. तुम्हीच काय ते बघा."

सकाळी लिलाव चालू असताना व्यापाऱ्यांना गाळा सोडता येत नसे. म्हणून काही जण पैसे काढायच्या, सही केलेल्या कोऱ्या स्लिपा करीमांकडे ठेवत. फोन आला की करीम आकडा भरत आणि पैसे व्यापाऱ्याच्या दिवाणजीच्या हाती देत. पाच-सहा वर्षं हे चाललं होतं. एक रुपया इकडचा तिकडे झाला नव्हता. स्लिपांचं पाकीट कुठं आहे हे आपल्याशिवाय कुणाला माहीत नाही, अशी त्यांची खात्री होती.

स्टुलावर उभ्या उभ्याच त्यांनी शाखेतल्या शिपायाला फोन लावला.

"नागोराव, माझ्या खालच्या ड्रॉवरमध्ये..."

"निळ्या रजिस्टरखालचं पाकीट ना, साहेब? काढून ठेवू का? त्या ड्रॉवरला कुठं कुलूप लागतं."

करीमांनी भिंतीला हात टेकवला.

"तुम्हाला कसं माहीत?"

"सगळ्यांनाच ठाऊक आहे की."

खाली अलिझा स्टूल धरून उभी होती. ते सावकाश उतरले.

"नको," ते फोनवर म्हणाले. "हात लावू नका त्याला."

मग गॅलरीत जाऊन, दार ओढून घेऊन, त्यांनी नीरजाबाईंना फोन करून सगळं सांगितलं. नीरजाबाईंनी मध्ये एकदाही तोडलं नाही. शेवटी एवढंच विचारलं,

"स्लिपा किती आहेत?"

नोटांचं बंडल हातात घेतलं की एखादी कमी असली तरी करीमांना कळत असे.

"मोजल्या नव्हत्या कधी," ते म्हणाले.

"बरं केलंत सांगितलंत. ऋचा उद्या-परवा तिथवर पोचलीच असती." जरा थांबून त्या म्हणाल्या, "आता रजा घ्या."

करीमांनी ती घेतली. उरलेले दोन्ही रॉड बसवले, रात्री पोटभर जेवले, आणि पुढचे दिवस घरच्या गॅलरीत साध्या लुंगी-बनियनवर बसले.

ते रुजू झाले तोवर नऊ व्यापाऱ्यांची खाती तपासून झाली होती. सगळा हिशेब जुळला होता. प्रत्येकाच्या स्लिपा त्याच्यासमोर फाडण्यात आल्या होत्या. रंगराव कुरकुरले आणि त्यांनी दिवाणजीच्या नावानं अधिकारपत्र करून दिलं. करीमांना लेखी ताकीद मिळाली. ती घेताना त्यांना वाटलं होतं तेवढं काही वाटलं नाही.

संध्याकाळी शाखा रिकामी झाल्यावर नागोराव खिडक्या लावायला आला.

"नागोराव, त्यातली एखादी स्लिप गेली असती तर?"

"माझंच नाव आलं असतं, साहेब. सकाळी सगळ्यांच्या आधी इथं मी असतो." नागोरावनं कडी लावली. "म्हणून तर तुमचं टेबल तुम्ही आल्यावर पुसायचो. तुम्ही म्हणायचात, नागोराव आळशी."

नागोराव दिवे मालवेपर्यंत करीम दाराशी थांबले आणि दोघं बरोबरच बाहेर पडले.

दुसऱ्या दिवशी करीम साडेनऊला शाखेत आले, तेव्हा त्यांचं टेबल पुसून झालं होतं.