बेलावरच्या माशीचे पाच मसुदे

मसुदा पहिला

"माशी. नर. घरमाशीपेक्षा थोराड, अंगभर राठ काळे केस. डोळ्यांवरही केस. पंखातली चौथी शीर कडेला पोहोचण्याआधी काटकोनात वळते. कल्याण येथे बेलावरच्या फुलपाखराच्या कोशातून निघाली. आजवर वर्णिलेल्या कोणत्याच प्रजातीत ही माशी बसत नाही."

हे लिहिणारे हरिहर पोंक्षे कल्याणच्या इंग्रजी शाळेत ड्रॉइंग मास्तर होते. मुलांना घडा, पेला आणि कोबीचा गड्डा काढायला शिकवायचे आणि उरलेल्या वेळात साहेब लोकांसाठी किडे काढायचे. बारा वर्षे हे चालले होते. किड्याला नाव साहेब देत, वर्णन साहेब लिहीत, पुस्तक साहेबांचे निघे. चित्राखाली बारीक अक्षरांत 'एका एतद्देशीयाने काढलेले' एवढे छापून येई. आपल्याला त्याचे काही वाटत नाही, असे मास्तर सांगत. न विचारता सांगत.

पण ही माशी त्यांची स्वतःची होती. अठराशे सत्त्याऐंशी सालच्या भाद्रपदात एका सुरवंटाचे चित्र काढायचे म्हणून त्यांनी उल्हास नदीच्या काठची बेलाची फांदी घरी आणली. सुरवंटाने पाने खाल्ली, कोश केला. मास्तर फुलपाखराची वाट पाहत बसले, आणि कोशाला भोक पाडून बाहेर लोंबकळली ती एक पांढरी अळी. ती मातीत शिरली आणि बारा दिवसांनी माशी होऊन वर आली. दुसऱ्याच्या पोटात राहून, त्याला आतून खाऊन वाढणाऱ्या अशा परपोशी माश्या पुस्तकात पुष्कळ होत्या. ही मात्र नव्हती. मास्तरांनी तीन महिने भिंग डोळ्याला लावून शिरा आणि केस ताडून पाहिले, मग आयुष्यात पहिल्यांदा स्वतः वर्णन लिहिले आणि माशीसकट विलायतेला धाडले.

उत्तर आले पुढच्या आषाढात. लंडनच्या ज्या म्हाताऱ्या साहेबांनी जन्मभर माश्याच पाहिल्या होत्या, त्यांचे. पत्र सभ्य होते. डबी टपालात चेंगरली, माशीचा एकच पंख शाबूत उरला, आणि एका पंखावर नवी प्रजाती उभी करता येत नाही. पूर्वेकडच्या परपोशी माश्यांचा त्यांचा मोठा ग्रंथ फेब्रुवारीत छापायला जाणार होता. जानेवारीअखेर धडधाकट नर आणि मादी हाती आली, आणि माशी सुरवंटाच्या पोटात शिरते कशी हे कळले, तर मास्तरांचे वर्णन मास्तरांच्या नावाने छापू. नाहीतर ही माशी एका जुन्या प्रजातीत शेवटी जोडून टाकू.

पत्रात काय आहे, हे गोदाक्काने विचारले. गोदाक्का म्हणजे मास्तरांची थोरली बहीण. चौदा वर्षे झाली, ती विधवा होऊन भावाकडे राहत होती. मास्तरांची बायको सुमती तिसऱ्या महिन्यातच बाळंतपणाला ठाण्याला माहेरी गेल्यापासून घरात अक्काचाच शब्द चाले.

"असं बघ अक्का," मास्तर म्हणाले, "साहेब म्हणतो, ही माशी आमच्या ओळखीच्या घराण्यातलीच. मी म्हणतो, हिचं गोत्रच निराळं आहे."

"मग तो काय मागतो?"

"मादी."

"बरोबर आहे त्याचं. मुलगी न बघता कोण होय म्हणेल?" अक्का म्हणाली आणि वाती वळायला बसली.

मसुदा दुसरा

"माशी. नर. मादी: ____. सुरवंटात कशी शिरते: ____."

त्या वर्षी अक्काने महादेवाला बेलाची लाखोली बोलली होती. चातुर्मासभरात एक लाख पाने वाहायची, म्हणजे रोज साडेआठशे. पाने आणायची मोहने गावची शेवंती. ही शेवंती कुणब्याची, तोंडाने फटकळ, आणि नदीकाठचे झाडन् झाड तिला पाठ. तीनही दले अखंड, डाग नाही, भोक नाही, अशीच पाने ती टोपलीत भरायची. अक्का ती तीन पाण्यांतून काढायची, प्रत्येक पान दोन्ही अंगांनी बोटाने चोळून. यातून जी उरतील ती मास्तरांना. त्यांनाही बरे पडले. परसातल्या कागदी लिंबाच्या झाडावरून त्याच जातीचे, नुकते अंड्यातून निघालेले सुरवंट उचलायचे, मडक्यात ठेवायचे आणि अक्काची उरलेली पाने चारायची.

माशी आपले अंडे सुरवंटाच्या कातडीवर चिकटवते, असे पुस्तकात होते. म्हणून सुटीच्या दिवशी मास्तर मडकी घेऊन शहाडच्या बाजूला नदीवर जात, ती उघडी मांडत, आणि माशी येईल म्हणून छत्री धरून शेजारी बसत. येणारेजाणारे थांबून बघत. एकाने तर मडक्यांत काय विकायला आणले आहे, म्हणून विचारले. घरी आल्यावर मास्तर एकेक सुरवंट भिंगाखाली उलटासुलटा करत. कातडी स्वच्छ. सगळी मडकी स्वच्छ.

भाद्रपद लागेपर्यंत त्यांच्या घरात बेचाळीस फुलपाखरे जन्मली. काळ्यापिवळ्या नक्षीची, बघत राहावीत अशी. अक्का खूश होती. रोज सकाळी देव असे काही पाठवतो आणि हा बाबा तोंड पाडून बसतो, असे ती शेवंतीला सांगे.

मसुदा तिसरा

"माशी. नर. बहुधा एकुलता एक."

(हे त्यांनी लिहिले आणि खोडले. खोडले तरी वाचता येते.)

मग तो दिवस आला. शहाडच्या अलीकडचा ओढा भरून वाहत होता. शेवंती दुपारी आली ती अर्ध्याच टोपलीने. अक्काने पाने निवडली, मोजली, आणि आज एकही उरणार नाही, असे जाहीर केले. मास्तर म्हणाले, सुरवंट उपाशी मरतील. अक्का म्हणाली, देवाचे आधी.

शेवंतीने टोपली उपडी करून झटकली. घाईत तोडलेली, अर्धीमुर्धी खाल्लेली, भोकांची पाने तळाशी राहिली होती.

"घ्या मास्तर. ह्ये देवाला चालत नाय. किड्याला कसलं आलंय सोवळं?"

मास्तरांनी ती तशीच तिसऱ्या मडक्यात टाकली. सुरवंटांनी फडशा पाडला. चारच दिवसांत त्यांनी कोश केले, आणि आठवड्याने त्यांतले पाच काळवंडले. सकाळी शाळेत निघताना मास्तरांनी मडक्यात डोकावले, तर एका कोशातून चिकट दोरीवर पांढरी अळी खाली उतरत होती. मास्तर जोडे घातलेल्या पायांनी तसेच मडक्याशी मांडी घालून बसले. त्या दिवशी पाचवीच्या मुलांनी मास्तरांशिवायच कोबी काढला.

पाच अळ्यांतल्या तीन मातीतच वाळल्या. दोन माश्या झाल्या, दोन्ही नर. मादी नव्हती. आणि त्या आल्या कुठून, हेही कळत नव्हते.

मास्तरांनी शेवंतीला विचारले, त्या दिवशी पाने दुसऱ्या झाडाची होती का.

"झाड त्येच वो. पानं तेवढी खाल्लेली."

उद्या मला फक्त खाल्लेली पाने आण, असे मास्तरांनी सांगितल्यावर शेवंती पदर तोंडाला लावून हसली. सगळ्या कल्याणला अखंड पान लागते, आणि यांना उष्टे. पण दुसऱ्या दिवशी तिने टोपलीभर आणली. मास्तरांनी एक पान भिंगाखाली धरले. सुरवंटाने कुरतडलेल्या कडेशी काळे ठिपके होते. खसखशीच्या दाण्याहून कितीतरी बारीक. असे ठिपके त्यांनी शंभरदा पाहिले होते. पाहिले होते आणि वगळले होते, कारण चित्रात पान काढायचे असते, धूळ काढायची नसते. हा नियम त्यांनी बारा वर्षे पोरांना छडी दाखवून शिकवला होता. ओले बोट त्यांनी एका ठिपक्यावरून फिरवले. ठिपका बोटाला आला. दुसरा त्यांनी सुईच्या टोकाने फोडला. आतून कवच पांढरे होते आणि त्यात काहीतरी वळवळले.

मास्तर स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी जाऊन उभे राहिले.

"अक्का, माशी सुरवंटाला शिवतच नाही. ती कुरतडलेल्या पानावर अंडी घालते. सुरवंट पानाबरोबर ती गिळतो."

अक्काचा हात पाण्यात होता. तो तसाच राहिला. तिला जे कळायचे ते कळले.

"म्हणजे शेवंतीच्या निवडीतून जी तुझी माशी सुटायची, ती मी रोज धुऊन टाकत होते."

"तुझी काय चूक? मीच तर आनंदाने घेत होतो ती पानं."

"चूक म्हणते कोण?" अक्काने पान उचलून पाणी निथळवले. "मी धुतलं म्हणून बेचाळीसच्या बेचाळीस फुलपाखरं झाली. न धुता झाली असती का?"

गेले दोन-अडीच महिने ज्याला मास्तर अपयश म्हणत होते, तो अर्धा पुरावा होता. उरलेला अर्धा हवा होता.

मसुदा चौथा

"१. पान अक्काने धुतलेले ........ फुलपाखरू. येथे थांबावे.
   पान न धुतलेले ........ २ पाहावे.
२. कोश हिरवा राहिला ........ फुलपाखरू.
   कोश काळवंडला ........ माशी."

ही मांडणी अक्काची. कोणता किडा कुठला, हे ओळखायला साहेब लोक असे दोन-दोन प्रश्नांचे कोष्टक करतात, ते मास्तरांनी तिला दाखवले होते. तिला ते फार आवडले. असे कोष्टक असते तर पुष्कळ लग्ने सुखाची झाली असती, असे तिचे मत पडले.

पुढचे सगळे तिने हातात घेतले. एकाच झाडाची, सगळी खाल्लेलीच पाने. त्यांचे दोन सारखे ढीग. एक ढीग तिने तीन पाण्यांतून काढायचा, दुसऱ्याला बोट लावायचे नाही. तीस सुरवंट या बाजूला, तीस त्या बाजूला. मास्तरांना वाटले, रोजच्या धबडग्यात एखादे पान इकडचे तिकडे होईल, आणि साहेब नेमके तेवढेच धरून बसेल. त्यांनी ते बोलून दाखवले.

"हरी," अक्का म्हणाली, "धुतलेलं आणि न धुतलेलं माझ्या हातून एक होणार नाही. हे त्या साहेबाला लिही. असंच्या असं लिही."

आश्विन असा गेला. धुतलेल्या तिसांतले दोन सुरवंट मेले, अठ्ठावीस फुलपाखरे झाली. माशी एकही नाही. न धुतलेल्या तिसांत अकरा कोश काळवंडले. मातीतून माश्या वर येऊ लागल्या तशी मास्तरांची जेवणे राहू लागली. पहिली नर. दुसरी नर. तिसरी नर. चौथीला त्यांनी उजेडात धरले. कपाळ रुंद होते, दोन डोळ्यांमध्ये ऐसपैस जागा. तीन वेळा पाहिले. मग त्यांनी भिंग अक्काच्या हातात दिले.

"हीच का मुलगी?" अक्का बराच वेळ पाहत होती. "नाकीडोळी बरी आहे."

अकरांत चार माद्या निघाल्या. आणि नेमका इथे घोळ झाला. माशी विलायतेला पाठवायची तर आधी मारून टाचणीवर घ्यायला हवी. लाखोली चालू असताना या घरात जीव मारायचा नाही, असे अक्काने बजावले. मास्तर काकुळतीला आले. अजून चार दिवस बरणीत राहिल्या, तर धडपडून पंख फाटतील, आणि फाटक्या पंखांचे उत्तर त्यांना एकदा मिळाले होते.

"शाळा माझ्या संकल्पात नाही," अक्का म्हणाली.

मास्तर बरण्या छत्रीखाली धरून जवळजवळ धावत शाळेत गेले.

मसुदा पाचवा

"उल्हासिया, नवी प्रजाती. नर व मादी. डोळे केसाळ; मादीचे कपाळ डोळ्याच्या रुंदीएवढे. पंखातली चौथी शीर काटकोनात वळते. अंडी अतिसूक्ष्म, काळी, सुरवंटाने कुरतडलेल्या पानाच्या कडेशी घातलेली. सुरवंट ती पानाबरोबर गिळतो. आढळ: उल्हास नदीचा काठ, शहाड ते मोहने. पाने शेवंती, राहणार मोहने, हिने आणली. ती धुण्याचे काम लेखकाच्या वडील भगिनीने केले. धुतलेले आणि न धुतलेले तिच्या हातून एक होत नाही."

नाव नदीचे ठेवले. स्वतःचे ठेवायचा मोह मास्तरांना दोन दिवस झाला होता, आणि तो त्यांनी कोणाला सांगितला नाही. दोन नर, दोन माद्या, कोशाची टरफले आणि ठिपक्यांचे एक वाळवलेले पान, असे सगळे बुचाच्या तुकड्यांवर बसवून, डबीत डबी घालून, कार्तिकअखेर पार्सल गेले. चित्रही होते. त्यात पानावरचा प्रत्येक ठिपका होता.

मग नुसती वाट पाहणे. पौषात ठाण्याहून मुलगी झाल्याचा निरोप आला. माघात काहीच आले नाही. फाल्गुनात पत्र आले. मास्तरांनी ते ओटीवर उभ्याउभ्याच फोडले आणि वाचले. प्रजाती नवी आहे. वर्णन मास्तरांच्या नावाने, त्यांच्याच शब्दांत छापले आहे. सोबत छापील पान होते. त्यावर वर, ठळक अक्षरांत, 'हरिहर पोंक्षे, कल्याण'. अक्काला इंग्रजी येत नव्हते, तरी तिने त्या ओळीवर बोट ठेवून विचारले, हेच का. मास्तरांनी मान हलवली.

एवढा एक फरक होता: वर्णनातले शेवटचे वाक्य साहेबांनी गाळले होते. मास्तरांना राग आला.

"असू दे रे," अक्का म्हणाली. "तिकडे कुणी धूतच नसतील. त्यांना कसं पटणार?"

पत्राच्या शेवटी साहेबांनी एक प्रश्न विचारला होता. बेलाची पाने झडतात, तेव्हा ही माशी कुठे असते? आपल्याला हे लिहून कळवाल तर पुढच्या खंडात घेऊ.

मास्तरांनी प्रश्न मराठीत वाचून दाखवला. शेवंती पायरीवर बसून पान खात होती. लाखोली कधीच संपली होती, तरी तिचे येणे थांबले नव्हते.

"आमच्या परसातल्या कढीलिंबावर असत्यात की," ती म्हणाली. "मला आधी कुनी इचारलं?"

मास्तरांनी तिच्याकडे पाहिले, मग अक्काकडे. अक्का, जी चौदा वर्षांत देवळाच्या पलीकडे गेली नव्हती, ती आत जाऊन भिंग घेऊन आली होती. मोहने किती लांब, असे ती शेवंतीला विचारत होती.

"जवळच हाय. चालाल तर."

"चालेन," अक्का म्हणाली.