पगाराची ओळ

धाराशिव जिल्ह्यातल्या वाशीच्या एका खासगी दूध संकलन केंद्रात शिवप्रिया अकरा वर्षं संगणक सांभाळत होती. अठरा गावांतून रोज दुधाच्या चिठ्ठ्या यायच्या. लिटर, फॅट सगळं चढवून ती दर दहा दिवसांनी बिलं काढायची. गेल्या वर्षी हार्डडिस्क बसली, तेव्हा तीन दिवस खुर्ची न सोडता तिनं सगळ्या चिठ्ठ्या परत चढवल्या. एकाचंही बिल चुकलं नाही.

मालक भागवतराव मात्र धसकले. त्यांचा जावई कृष्णराज पुण्यात संगणकाच्याच कामात होता. तो म्हणाला, "मामा, मशीन इथं ठेवायचंच कशाला? सगळं क्लाउडवर टाका, म्हणजे इंटरनेटनं कंपनीच्या मशीनवर. महिन्याचं भाडं भरायचं, कटकट मिटली."

भागवतराव शिवप्रियाला म्हणाले, "पोरी, मला त्यातलं काय कळत न्हाय. हिशेब तू मांड. पण खरा मांड."

तिनं मांडला. नवं मशीन, बॅटरी, दुरुस्ती धरून वर्षाला चौतीस हजार. क्लाउडचं भाडं साठ हजार. पण लाईट गेली तरी काम थांबणार नाही, गावातली माणसं मोबाईलवरूनच दूध चढवतील, हेही तिनं प्रामाणिकपणे लिहिलं.

कृष्णराजनं कागद बघितला. "ताई, यात तुमचा पगार कुठंय? गावातूनच सगळं चढलं, तर इथं माणूस कशाला लागतंय?"

शिवप्रियानं भागवतरावांकडं बघितलं. ते खिडकीबाहेर उभ्या टेम्पोकडं बघत होते. तिनं पेन उचललं आणि मशीनच्या खर्चात लिहिलं: पगार, एक लाख अडुसष्ट हजार. तेवढ्या एका ओळीनं क्लाउड स्वस्त झालं.

"बघू," भागवतराव म्हणाले. महिनाअखेरीला त्यांनी तिला साडी-चोळी केली आणि जुनं मशीन भंगारात घातलं.

ती बाजारपेठेतल्या कापड दुकानात बिलं फाडायला लागली. नऊ हजारांवर.

वर्षानं भागवतराव स्वतः दुकानात आले. कंपनीनं भाडं बदललं होतं. आता दर गावामागं वेगळे पैसे. त्यात रेंज तुटायची म्हणून इंटरनेटच्या दोन लाईनी घ्याव्या लागल्या होत्या.

"सगळं मिळून दोन लाखाच्या वर चाललंय. परत जुनं करायचं म्हणलं तर?"

तिनं काउंटरवरच आकडे मांडले. नवं मशीन घ्यायचं, क्लाउडवरची माहिती उतरवून घ्यायचे पैसे वेगळे, आणि माणूस. "माणसाचे चौदा हजार धरलेत. माझा जुना पगार."

"दहात ये की. आपलंच केंद्र हाय."

"दादा, तुम्हीच खरा हिशेब मांड म्हणला हुता. आता बी खराच मांडलाय."

भागवतराव कागद न घेताच निघून गेले. त्यांनी क्लाउड सोडलं नाही. पुढच्या पंधरवड्यात दुधाचा खरेदीदर मात्र लिटरमागं पन्नास पैशांनी उतरवला.

शिवप्रियाची सासू धुरपदाबाई दोन म्हशींचं दूध तिथंच घालायची. मोबाईलवर आलेलं बिल सुनेपुढं धरून तिनं विचारलं, "बाई, दूध तर तेवढंच घातलं. मग कमी का गं आलं?"

"क्लाउडचं भाडं आत्या," शिवप्रिया म्हणाली.

"त्ये आपुन का भरायचं?"

शिवप्रियाला उत्तर माहीत होतं. ती भाकरी थापत राहिली.