गाईचा उजवा डोळा

बर्निस गाय पियानोवर गायला लागली की आधी तिचा डावा डोळा मिटायचा आणि मग, जरा दम खाऊन, उजवा. खाली बसलेल्या प्रत्येक पोराला वाटायचं, गाय आपल्यालाच डोळा मारतेय. तोंडाशी नेलेला पिझ्झाचा तुकडा तिथंच थांबायचा, चीज लोंबत राहायचं, आणि आई ओरडायची, "अगं, गिळ आधी!"

कंपनीच्या हिशेबी मात्र हा बिघाड होता. दर तिमाहीला तपासनीस यायचा आणि वहीत लिहायचा, "गाय, उजवी पापणी उशिरा पडते. दुरुस्त करा." दुरुस्तीचं काम बघणारा लिओनेल ब्रागा खाली सही करायचा, "झडप मागवली आहे." दोन वर्षं तो ती झडप मागवत होता. झडप धडधाकट होती. पठ्ठ्याने स्क्रूड्रायव्हर त्या बाजूला नेला असेल तर शपथ.

सॅन होझेतलं हे 'पेलिकन कप्तान' पिझ्झाघर उघडलं एकोणऐंशी साली, एका बुडालेल्या फर्निचरच्या दुकानात. पिझ्झा भाजायला वीस मिनिटं लागतात आणि भुकेलं पोर वीस मिनिटं गप्प बसत नाही, या दोन गोष्टींतून कुणाच्या तरी सुपीक डोक्यात ही बाहुल्यांची मंडळी निघाली. पेलिकन कप्तान, बँजोवालं अस्वल आणि बर्निस. दर आठ मिनिटांनी पडदा वर, एक गाणं, चार पाचकळ विनोद, पडदा खाली. बाहुल्या हवेवर चालायच्या. आतून नळ्या, नळ्यांना झडपा. लिओनेलने बावीस वर्षं फळं डबाबंद करण्याच्या कारखान्यात असल्याच नळ्या सांभाळल्या होत्या. जर्दाळूच्या बागा तुटल्या, घरं उठली, कारखान्याला टाळं लागलं. तेव्हा तो इथं आला आणि म्हणाला, "नळी ती नळी. डबा असो की गाय."

त्याची बायको डेल्फिनाही त्याच कारखान्यातली. एकोणीस वर्षं तिने जर्दाळू चिरून बिया काढल्या, आणि सुरी धरून धरून उजव्या हाताचं पहिलं बोट सांध्यात आखडून बसलं. तिला कंपनीच्या कार्यशाळेत काम मिळालं. तिथं गाण्याची टेप लावायची, आणि गाणं ऐकत ऐकत एकेका बाईने एकेका बाहुलीची बटणं दाबायची. डाव्या बोटाने डावी पापणी, उजव्याने उजवी. प्रत्येक दाब त्याच टेपवर, गाण्याशेजारच्या वेगळ्या पट्टीवर, एक किरकिर होऊन उमटायचा. गिऱ्हाइकांना ती किरकिर ऐकू यायची नाही. ती ऐकायची पडद्यामागची पेटी, आणि ऐकली की झडप उघडायची, पापणी पडायची. डेल्फिनाच्या वाट्याला गाय आली. डावं बोट हुकमाचं, उजवं आपल्या मर्जीचं. मुकादम वैतागला, पण उद्घाटन परवावर आलेलं, पुन्हा बटणं दाबायला वेळ कुणाला होता?

"माझी गाय आळशी आहे, त्याला मी काय करू?" डेल्फिना घरी येऊन हसली होती. "आणि तुला आवडते ना आळशी बाई? नाहीतर माझ्याशी लग्न कशाला केलं असतंस!"

ब्याऐंशीच्या मार्चमध्ये ती कपडे वाळत घालताना पडली, ती पुन्हा उठली नाही. मूलबाळ नव्हतं. फोटो होते सात-आठ, सगळ्यांत चेहऱ्यासमोर हात धरलेला. तिची हलतीबोलती फिल्म नाही, आवाज कुठं भरलेला नाही. राहिलं होतं ते एवढंच. गाईची उजवी पापणी पडायची तेव्हा डेल्फिनाचं बोट हलायचं. पहिल्या कडव्यात फारसा उशीर नसायचा. दुसऱ्यात बोट दमायचं, पापणी मागं मागं राहायची. शेवटच्या धृपदात तर ती कशीबशी पडायची, आणि त्या वेळी डेल्फिनाने ओठ कसा चावला असेल ते लिओनेलला समोर दिसायचं.

रोज अकरा वाजता, दार उघडायच्या आधी, तो डबा घेऊन तीन नंबरच्या टेबलाशी बसायचा आणि एकट्यासाठी एक खेळ लावायचा. घरी जेवण घशाखाली उतरायचं नाही. इथं उतरायचं.

गुरुवारी व्यवस्थापक नोर्माबाई कागद फडकावत आली. बाई तोंडाची फाटकी, मनाची बरी.

"विकली हो कंपनी! नवे मालक, नवी गाणी. सोमवारी दुपारी गाडी येणार. जुनं रीळ द्यायचं, नवं घ्यायचं. जुनं नाही, तर नवं नाही."

"जुन्याचं काय करतात?"

"काय करणार, लोणचं घालणार? तिथल्या तिथं पुसतात. कुणी जुनीच गाणी वाजवत बसू नये म्हणून. सुटलात लिओनेल! त्या डोळ्याचं रडगाणं संपलं एकदाचं."

आता याने तिथंच तोंड उघडावं की नाही? बाई, या रिळात माझी बायको आहे, एवढंच म्हणायचं होतं. नोर्माने मालकाची मानगूट धरली असती. पण लिओनेल म्हणजे तोंडात मिठाची गुळणी. कारखान्यात बोट कापलं तरी जेवणाची सुट्टी होईपर्यंत न सांगणारा माणूस. तो म्हणाला, "हं." आणि नळ्या पुसायला गेला.

त्याच्या डोक्यात त्याचा मित्र वेंडेल होता. वेंडेल चर्चची समूहगाणी भरून ठेवायचा. त्याच्या गॅरेजमध्ये पिझ्झाघरातल्यासारखीच चार पट्ट्यांची टेपची दोन यंत्रं होती. सोमवारी सकाळी सहाला लिओनेल रीळ घेऊन त्याच्या दारात उभा राहिला.

"याची नक्कल पाहिजे. चांगली."

"कशाला रे?"

"आठवण म्हणून."

"एवढंच ना! तू जा निर्धास्त. अशी करून देतो की बघत राहशील," वेंडेल म्हणाला. लिओनेलला हवेच्या पंपाचं तेल बदलायचं होतं. तो निर्धास्त गेला.

बाराला गाडी आली आणि तिच्या मागोमाग वेंडेल, दोन डबे काखेत मारून. लिओनेलने नकलेचा डबा छातीशी धरला आणि मूळ रीळ गाडीवाल्याच्या हातात दिलं. त्या माणसाने स्वयंपाकघरातल्या प्लगला वायर लावली, ओट्यावर एक चपटी पेटी ठेवली. आत जबर लोहचुंबक. पेटी घुमायला लागली. रीळ त्याने तिच्यावर तीनदा फिरवलं, पोळी तव्यावर फिरवावी तसं. झालं. रीळ कोरं व्हायला अर्धं मिनिटही लागलं नाही. लिओनेल शांतपणे बघत होता. डबा छातीशी होता, मग त्याला कसली फिकीर?

गाडी गेली. वेंडेल हात चोळत थांबला होता, शाबासकीसाठी.

"लावून तर बघ. गाणं असं निघालंय, घंटेसारखं स्वच्छ. अरे, शेजारच्या दोन पट्ट्यांवर कुणा गाढवाने नुसती किरकिर भरून ठेवली होती, ब्रेक घासल्यासारखी. गाण्यातसुद्धा झिरपत होती. अर्धी सकाळ खपलो, पण एक कण ठेवला नाही बघ."

लिओनेलने ओट्याची कड धरली. 

"काय रे? बरं वाटत नाही का?"

वाईट हेच, की माणूस चांगला होता. शिवी तरी कुणाला द्यायची? ज्याने 'आठवण म्हणून' एवढंच सांगितलं त्यालाच दिली पाहिजे. लिओनेल म्हणाला, "छान केलंस. उपकार झाले." वेंडेल खूश होऊन गेला.

लिओनेलने तरीही ती नक्कल लावली. वेडी आशा, दुसरं काय! पडदा वर गेला. गाणं खरंच स्वच्छ होतं. पेलिकन चोच मिटून उभा, अस्वल बँजोवर हात ठेवून उभं, आणि बर्निस डोळे सताड उघडे ठेवून समोर बघत होती. पूर्ण तीन कडवी.

नोर्मा आतून आली. "हे काय, मढ्यासारखे का उभे आहेत सगळे?" आणि मग तिने त्याचा चेहरा पाहिला. खुर्ची ओढून बसली. तेव्हा कुठं, दोन वर्षांनी, त्याच्या तोंडून सगळं बाहेर पडलं. तुटक, उलटसुलट, पण पडलं.

"अहो, मग सांगायचं होतं ना मला!" नोर्माचा आवाज फाटला. "गुरुवारी सांगायचं!"

"काय सांगणार बाई? की माझी बायको गाय होती?"

ती हसली आणि त्याच हसण्यात रडायला लागली. तो रडला नाही. त्याने नवं रीळ यंत्रावर चढवलं, कारण सोमवारी दार चारला उघडायचं.

नव्या गाण्यात गाईच्या दोन्ही पापण्या एकदम पडत होत्या. एकदम, ठोक्यावर, काटेकोर. पाचच्या सुमाराला दर सोमवारी येणारी एक बारकी पोरगी आली, मंचापाशी दोन खेळ उभी राहिली आणि आईला म्हणाली, "ती आज मला डोळा मारत नाही. रागावली का?"

 पडदा पडल्यावर लिओनेल मागं गेला, गाईच्या मानेखाली हात घातला, उजव्या पापणीच्या झडपेचा स्क्रू सापडला. अर्धा फेरा आवळला. हवा अडली की पापणी उशिरा पडणार, साधी गोष्ट. दोन वर्षं ज्या झडपेला हात लावला नाही, तिलाच आज बिघडवायचं होतं.

पडदा वर गेला. डावी पडली आणि मग, जरा दम खाऊन, उजवी. पोरगी किंचाळली, "मारला! मारला!" कोपऱ्यातून नोर्माने त्याच्याकडे पाहून मान हलवली, डोळे पुसत.

लिओनेल पडद्याच्या फटीतून बघत राहिला. पहिलं कडवं. दुसरं. शेवटचं धृपद. उशीर तेवढाच, दर वेळी तेवढाच. कुठं दमणं नाही, कुठं सावरणं नाही. तो एका स्क्रूचा उशीर होता. त्यात डेल्फिना कुठंच नव्हती.

पोरीने तीन खेळ पाहिले. तिच्या आईने तिला कोट चढवला, ती गाईला हात हलवत दाराबाहेर गेली. तोवर तो थांबला.

मग त्याने स्क्रू अर्धा फेरा सैल केला.