कोड्याचं दुसरं उत्तर

महांतप्पा गुरुजींना अंकांच्या फरकाची कोडी रचायचा भारी नाद. अणदूरच्या बाजूला एका शाळेत त्यांनी अठ्ठावीस वर्षं गणित शिकवलं आणि फळ्याच्या कोपऱ्यात रोज एक कोडं टाकलं.

एका वर्षी गणित स्पर्धेतला शेवटचा प्रश्न त्यांचाच होता. तीन अंकी संख्या, शेजारच्या अंकांत तीनचा फरक, तिन्ही अंकांची बेरीज पंधरा, पहिला अंक मधल्यापेक्षा मोठा. गुरुजींचं उत्तर होतं ८५२. सातवीतल्या श्रीदेवीनं लिहिलं ६३६. गुरुजींनी फुली मारली आणि पहिला नंबर संस्थाचालकांच्या नातवाला, दिग्विजयला, गेला.

निकाल पुकारल्यावर श्रीदेवी पेपर घेऊन त्यांच्यापुढं उभी राहिली. फरक करून दाखवले, बेरीज करून दाखवली. गुरुजींनी मनातल्या मनात पुन्हा ताडून पाहिलं. पोरीचं बरोबर होतं. पण बाहेर मांडव भरला होता, पाहुणे हार घालून बसले होते.

"कोड्याला उत्तर एकच असतं," ते म्हणाले.

तिनं पेपराची घडी केली. पुढं वर्गात तिचा हात कधी वर झाला नाही. दहावीनंतर लग्न झालं.

निवृत्तीनंतर गुरुजी कोड्यांचं पुस्तक करायला बसले आणि ते कोडं समोर आलं. चार दिवस त्यांना घास गोड लागेना. श्रीदेवी येरमाळ्यात देवीच्या वाटेवर ओटीच्या सामानाचं दुकान चालवते, असं कळलं. ते एसटीनं गेले.

तिनं ओळखलं, खुर्ची दिली, चहा मागवला. गुरुजींनी सगळं कबूल केलं. पुस्तकात दोन्ही उत्तरं छापतो, खाली तुझं नाव घालतो, म्हणाले.

खणांच्या घड्या घालता घालता ती म्हणाली, "नाव नगं. तुमी चुकला त्याचं काय न्हाय, गुरुजी. पर चूक तुमाला तवाच कळली हुती. तुमच्या तोंडाकडं बघून मला समजलं हुतं."



तेवढ्यात तिची लेक वैष्णवी आतून वही घेऊन आली. म्हणाली, गणित तीनदा केलं, पण पुस्तकातल्या उत्तराशी जुळत नाही, पुस्तकच चुकलंय वाटतं.

गुरुजींनी वहीसाठी हात पुढं केला. श्रीदेवीनं तिकडं पाहिलंसुद्धा नाही.

"पुस्तकात हाय ते लिही," ती लेकीला म्हणाली, आणि गिऱ्हाइकाला नारळ काढून द्यायला उठली.