हात न टेकता

“चेंडू सुटला तर बघा हं! गुडघे आत. अजून आत. दाबा! तोंडं कसली वाकडी करताय? मांडीने दाबायचंय, दातांनी नाही.”

ताई अशा ओरडल्या की बायका हसत, आणि हसल्या की कुणाचा तरी चेंडू हमखास निसटे. आज टायपिस्ट काकूंचा निसटला. टुणटुणत गेला आणि भिंतभर आरशाखाली जाऊन थांबला.

“ताई, खरं सांगा,” काकूंनी चटईवर पडल्या पडल्या विचारलं, “या वयात मांड्यांना आकार येतो का हो?”

“आधी जोर येतो, मग आकार. पण तुम्हाला दाखवायचाय कुणाला?”

“तेही खरंच. आमच्या ह्यांना चष्म्याशिवाय अख्खी मी दिसत नाही, मांड्या कुठल्या!”

पुन्हा हशा. जिमच्या मालकाने दारावर पाटी लावली होती, ‘महिनाभरात सुडौल मांड्या’. त्या पाटीवर ताईंचा भारी राग. मांडी ही त्यांच्या लेखी मिरवायची वस्तूच नव्हती. बाहेरची बाजू धड असेल तर माणूस एका पायावर उभा राहतो, आतली धड असेल तर पाय फाकत नाहीत, घसरत नाहीत. मांडी गेली की माणूस गेला, असं त्या बोलून जायच्या आणि लगेच पुढचा व्यायाम सांगायच्या.

वर्ग संपला की सगळ्यांनी जमिनीवरून हात न टेकता उठायचं, आणि कोणी कोणाला हात द्यायचा नाही, हा ताईंचा नियम. सुरुवातीला काकू अगदी रडकुंडीला यायच्या. एकदा शेजारणीने कळवळून हात पुढे केला, तर ताई तिच्यावर खेकसल्या, “हात मागे घ्या! तिचे पाय तिला उचलू देत.” बायका त्यांना पाठीमागे हवालदारीण म्हणत. ताईंना ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं.

बायका गेल्या. ताईंनी दार लोटलं आणि आरशासमोर मांडी घालून बसल्या. हात छातीशी बांधले आणि सरळ उभ्या राहिल्या. मग त्यांनी श्वास सोडला. हे त्यांचं रोजचं होतं आणि ते कुणालाही माहीत नव्हतं.

आईचं दुखणं जमिनीवरून उठण्यापासूनच तर सुरू झालं होतं. फरशी पुसून उठताना तिने एकदा गुडघ्यावर हात ठेवला. मग दोन्ही गुडघ्यांवर दोन हात. मग एक हात मांडीवर, मग दुसरा त्याच्याही वर. शिडी चढावी तशी ती स्वतःच्याच अंगावर चढत उठायची आणि वर आली की हसायची. “म्हातारी झाले गं!” म्हातारी कसली? एक केससुद्धा पिकला नव्हता तिचा. पुढे जिना सुटला, मग खुर्ची, मग पलंगावरून उतरणंच सुटलं. मामाचंही तेच झालं. घरात त्या दुखण्याचं नाव कोणी काढत नसे. आईला कुशीवर वळवायचं काम ताईंकडे असायचं. मांडीखाली हात घातला की कातडीशिवाय हाताला काही लागायचं नाही. तो स्पर्श त्यांच्या तळव्यातून कधी गेलाच नाही.

तेव्हा डॉक्टर म्हणाले होते, “तुम्हाला होईलच असं नाही. कधी कधी हे एकाला सोडून पुढच्याला धरतं. तपासून घ्या.” यातलं पहिलं वाक्य ताईंनी घट्ट धरून ठेवलं. दुसरं कानावरून गेलं. तपासायला त्या गेल्याच नाहीत. कळून करायचं काय? त्यापेक्षा पायच असे करू की दुखण्याने दारातूनच परत जावं! त्या जिमला जायला लागल्या, पुढे तिथेच नोकरीला लागल्या, नाव झालं. पण खोटं कशाला बोला, सगळा खटाटोप भीतीपोटी होता.

आणि आज त्यांना फार बरं वाटत होतं. आई ज्या वयात अंथरुणाला खिळली, ते वय आता मागे पडलं होतं. “सुटले बाई!” त्या आरशातल्या बाईला मोठ्याने म्हणाल्या. एका पायावर उभं राहून त्यांनी बूटसुद्धा चढवला, उगाच, ऐटीत.

तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. एक पाऊल. मग काही नाही. मग कठडा करकरला आणि पुढचं पाऊल. टायपिस्ट काकू काहीतरी विसरल्या असणार, असं ताईंना वाटलं.

दार ढकलून आत आली ती खार.

खार म्हणजे ताईंची एकुलती एक लेक. लहानपणी खिडक्या, कपाटं, दारं, दिसेल त्यावर चढायची, म्हणून खार. आता विशीत होती आणि तिला अग्निशमन दलात जायचं होतं. दुसरं काही सुचतच नव्हतं पोरीला. सोमवारी शारीरिक चाचणी होती. माणसाएवढं जड पोतं खांद्यावर घेऊन मजल्यामागून मजले चढायचे होते.

“कठडा का धरलास?” ताईंनी विचारलं.

“नवे बूट चावतात गं. चल ना, सुरू करू.”

“हो कुशीवर. पाय वर. माझ्या हाताला ढकल.”

ताईंनी तळवा तिच्या गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला ठेवला. पाय वर आला आणि हाताखाली हळूच खाली बसला.

“ढकल ना!”

“ढकलतेच आहे की.”

ताईंनी हात काढून पुसला आणि पुन्हा ठेवला. पुन्हा तेच.

“काल भरतीच्या वर्गात पण पोतं पडलं,” खार भिंतीकडे बघत सांगत होती. “सर म्हणाले, झोपेत आलीस का? सगळे हसले. मीही हसले.”

“बस उठून. चेंडू घे.”

खारीने गुडघ्यांत चेंडू धरला. ताईंनी तिचे गुडघे दोन्ही हातांनी धरून बाहेर ओढले. पूर्वी यात ताईंनाच घाम फुटायचा आणि खार दात विचकून चिडवायची, “बस? एवढाच जोर?” आज गुडघे कडी न लावलेल्या दारासारखे उघडले. चेंडू घरंगळत ताईंच्या पायाशी आला. तो कोणी उचलला नाही.

“कधीपासून होतंय असं?”

“काय?”

“पोतं पडायचं.”

“झाला असेल महिना-दीड महिना. तू ओरडशील म्हणून बोलले नाही. सराव वाढवलाय ना, त्याने असेल.”

सराव ताईंनीच वाढवून दिला होता.

“ऊठ बघू,” त्या म्हणाल्या. आवाज त्यांचा त्यांनाच परका वाटला. तिच्याकडे सरळ बघायचं धाडस होईना, म्हणून त्यांनी आरशात बघितलं.

खारीने एक हात गुडघ्यावर ठेवला. मग दुसरा. मग पहिला सरकून मांडीवर आला, दुसरा त्याच्या वर. एकेक हात रोवत ती उभी राहिली, केस मागे सारले आणि हसली. “म्हातारी झाले गं, आई!”

आजी तिने फोटोतच पाहिली होती. आजीचं हे वाक्य ताईंनी घरात कधी उच्चारलंही नव्हतं. कधी कधी हे एकाला सोडून पुढच्याला धरतं. इतकी वर्षं डोळ्यांत तेल घालून त्यांनी पहारा दिला, तो आपल्या पायांवर. पोरीच्या पायांकडे त्यांनी कधी त्या नजरेने पाहिलंच नव्हतं. देवा, मला धरायचं होतंस, असं त्यांच्या अगदी ओठांवर आलं.

“अशी काय बघतेस? सोमवारी होईल ना माझं?”

“उद्या आधी डॉक्टरांकडे जाऊ.”

“डॉक्टर कशाला? थांब, दाखवते तुला.” खार धपकन खाली बसली आणि हात छातीशी बांधून उठू लागली. थोडी वर आली आणि मागे बसली. पुन्हा जोर केला, पुन्हा बसली. तिसऱ्या वेळी तिच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. तिने आईकडे पाहिलं.

ताई चार पावलं पुढे आल्या. वाकल्या. हात पुढे केला.

“हे काय?” खार म्हणाली. “कोणी कोणाला हात द्यायचा नाही ना?”

“असू दे. धर.”

खारीने हात धरला. तिचं सगळं वजन ताईंच्या हातात आलं. ताईंचे पाय तसूभरही हलले नाहीत.