न विचारणारी फाइल

जनकाबाईंचं कीर्तन म्हणजे कसं, ऐकणाऱ्याच्या तळहातावरची तंबाखू मळायची राहून जायची. त्या गेल्यावर त्यांचा आवाज उरला तो नवऱ्याजवळ, इंद्रभानजवळ, एका पेनड्राइव्हमध्ये; गावागावाच्या नावाच्या फोल्डरांत. वर्षश्राद्धाला कीर्तन तिचंच लावायचं, असं त्यानं सोयऱ्यांना सांगून ठेवलं होतं.

सारं एका जागी करून घ्यावं म्हणून तो वरवट बकालला तौसिफच्या कॉम्प्युटरच्या दुकानात आला.

"एकेक फोल्डर काऊन उघडाचं काका? बॅट फाइल लावतो."

"बॅट? क्रिकेट खेळून राह्यला का बे?"

"हुकमाची चिठ्ठी समजा. कॉम्प्युटर वाचते अन् करते. मधात मधात विचारू नको, असंही लिहून देलं."

"म्हणजे टाळकऱ्यावानी. बुवा म्हणन ते मागं म्हणाचं."

"हाव, तसंच."

काळी खिडकी उघडली, पांढऱ्या ओळी धावल्या, मिटली. नव्या फोल्डरात एकच कीर्तन होतं. जुने फोल्डर रिकामे; चिठ्ठीत फाइली उचलून आणायचाच हुकूम होता.

"काका, कीर्तनाइले नावं काय देली होती?"

"रामकृष्ण हरी."

"सगळ्याइले?"

"मंग? देवाचं नाव न घेता आरंभ करतेत का कुठं?"

तौसिफचा हात माउसवरच राहिला. एका फोल्डरात एका नावाची एकच फाइल राहते. तशीच दुसरी आली, तर पहिली पुसू का, असं कॉम्प्युटर विचारतो. त्याला विचारूच नको म्हटलेलं. एका गावाचं कीर्तन दुसऱ्यावर बसत गेलं, खालचं पुसत गेलं. पुसलेलं परत आणायचा प्रोग्राम तौसिफनं चालवून पाहिला. फाइली आल्या; वाजवल्या तर नुसती खरखर.

"माह्यी चुकी झाली काका. आंधी कॉपी कराले पाह्यजे होती."

इंद्रभानला राग यायला हवा होता. तो रागाची वाट पाहत बसला. आला नाही. रडूही नाही.

"उरलं ते लाव."

टाळ वाजले. मग जनकाबाई, घोगऱ्या: "गळा बसला बाप्पा आज. तुमीच म्हना." आणि सारं गाव गायला लागलं ते शेवटपर्यंत. त्यात वरचा सूर इंद्रभानचाच.

"हे लावता वर्षश्राद्धाले?" तौसिफनं हळूच विचारलं. "काकूचा आवाज तं..."

"लावतो. तुमी म्हना म्हणते ना ते. म्हणतीन लोकं."

त्यानं पेनड्राइव्हसाठी हात पुढे केला.