हुमोराचा वीतभर सल्ला

हिशेब साधा होता. धाकट्या जावेची वेणी वीतभर आखूड झाली, की सासूबाईंचे चांदीचे गोंडे हुमोराचे. आमच्या उझबेकिस्तानातल्या मर्गिलानात हे गोंडे काळ्या दोऱ्यांनी वेणीच्या शेंड्यात गुंफतात. "माझ्या मुलीच्या लग्नात ज्या सुनेची वेणी लांब, ती गोंडे घालेल, आणि ते तिचेच," असं सासूबाईंनी सांगून ठेवलं होतं. हुमोराने ते मनातल्या मनात कधीच घातले होते. आणि घरात धाकटी सून नफोसत आली, गुडघ्यापर्यंतची वेणी घेऊन. त्या दिवसापासून हुमोराला जेवण गोड लागेना.

एका दुपारी नफोसत अंगणात केसांना आंबट दही चोळत होती. मी शेजारीण, भोपळ्याच्या बिया सोलत बसले होते. हुमोराने तिच्या केसांची टोकं उन्हात धरली.

"फुटलीयत गं."

"थोडीशीच ना, ओपा?" थोरल्या जावेला नफोसत ओपा, म्हणजे ताई, म्हणायची.

"आज थोडीशी. रेशमाची चीर कशी वर चढते, तसंच हे. वीतभर काप, नाहीतर लग्नापर्यंत झाडू होईल."

"तुम्ही नाही कापत ते?"

"मी तेल लावते."

"तेलाने चमक येते, चीर सांधत नाही," मी म्हटलं.

"खाला, तुम्ही बिया सोला."

टोकांबद्दल हुमोरा बोलली ते खरं होतं, म्हणून तर मला हसू आलं. स्वतः ओल्या केसांत कंगवा ओढायची, रोज गरम पट्ट्यांनी सरळ करायची. फुटलेली टोकं कशी दिसतात, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक? नफोसतने मात्र तिच्याच हातून वीतभर कापून घेतलं, वर म्हणाली, "ओपा, माझं भलं बघणाऱ्या तुम्हीच."

लग्नात हुमोराची वेणी लांब भरली. सासूबाईंनी गोंडे गुंफले. पहिल्याच नाचात गिरकी घेतली, तशी चांदी खणकन फरशीवर पडली. शेंड्याला उरलं होतं काय? विरळ धागे, त्यावर तेल. पुन्हा बांधले, पुन्हा घसरले. बायका रुमालाआड हसायला लागल्या. सासूबाईंनी गोंडे उचलले आणि नफोसतच्या वेणीत गुंफले. तिथे दाट, सरळ कापलेली टोकं होती. दोऱ्यांनी घट्ट धरलं.

चार दिवसांनी हुमोरा नफोसतपुढे पाठ करून बसली.

"किती कापू, ओपा?"

"फुटलंय तिथपर्यंत."

ते खांद्यापर्यंत निघालं. नफोसतची गेली एक वीत, हुमोराच्या तीन, आणि गोंडेही.